डाव्या सीटचा बेल्ट

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांच्या बाबतीत घडली त्यांनी ती माझ्याच गाळ्यात, माझ्याच स्टुलावर बसून सांगितली, आणि सांगता सांगता त्यांचा चहा तसाच गार झाला.

मी सीटकव्हर शिवतो. गिऱ्हाईक समोर बसून काय काय थापा मारतं ते ऐकायची मला सवय आहे. पण या माणसाने वीस वर्षांत मला एकही थाप मारलेली नाही. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे, मी काय भांडायला येणार नाही.

आणि रात्र कधी होते याची वाट बघू नका.

रात्र नव्हतीच.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन. बंद गल्लीच्या टोकाला एक बैठं घर, घराला चिकटून गॅरेज, आणि गॅरेजचं शटर अर्धं वर केलेलं.

आपली व्हॅन कडेला लावून त्या शटरसमोर बाप-लेक उभे होते.

बाप म्हणजे आमचे डेंटरकाका. माझ्या शेजारच्याच गाळ्यात ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतात. मुलगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली तरी काका तिला चारचौघांत 'बबडे' म्हणून हाक मारतात आणि ती डोळे वटारते. तिची आई जाऊन सात वर्षं झाली. घरात दोघंच. काकांचा जीव म्हणजे ती पोरगी, बाकी त्यांना कशाचं काही पडलेलं नाही.

बबडीला स्पोर्ट्स कार हवी होती. नवी परवडणारी नव्हती म्हणून जुनी. दोन सीटची, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी. चार वर्षं तिने त्यासाठी पगार बाजूला टाकला होता. त्याआधी सहा गाड्या बघून झाल्या होत्या आणि सहाही काकांनी नापास केल्या होत्या. एक पुराच्या पाण्यात बुडालेली निघाली. एक तर दोन वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून केलेली.

"बाबा, तुला मला गाडी घेऊच द्यायची नाहीये," बबडी येताना म्हणाली होती.

"तुला घरी धड परत आणणारी गाडी मिळाली की घेऊ," काका म्हणाले होते.

ही सातवी.

शटर वर गेलं आणि बबडीचा चेहराच बदलला. गडद निळी. दोनच दारं. अंगावर ओरखडा नाही. काकासुद्धा खोट काढायचं विसरून बघत राहिले.

मालकीणबाई पासष्टीच्या असतील. गुडघे दुखत असावेत, भिंतीचा आधार घेत चालत होत्या. बोलणं मोजकं. किल्ली हातात देताना एवढंच म्हणाल्या, "सगळी बघा. इंजिन बघा, खाली झोपून बघा, चालवून बघा. फक्त डावीकडच्या सीटला हात लावू नका."

आता हे काकांना सांगणं म्हणजे मांजराला दूध कुठे ठेवलंय ते सांगण्यासारखं झालं. विकणारा जिथे बघू नका म्हणतो, तिथेच आधी बघायचं... तीस वर्षं काका याच रीतीने गाड्या तपासत आले आहेत. आणि खरं सांगायचं तर आमच्या बाजारात ज्याला धंदा कळतो तो प्रत्येकजण असाच वागतो.

त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागले.

आधी पत्रा. काका बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक करतात आणि कान लावतात. खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरलेली असेल तर आवाज मेलेला येतो. पत्रा मूळचा असेल तर खणखणीत. बॉनेट खणखणीत. उजवं दार खणखणीत. छत, डिकी, सगळं कंपनीतून आलं तसंच.

मग डावं दार.

टक टक.

आवाज मेलेला आला. पण लांबीचा नाही. लांबीचा आवाज काकांना झोपेत कळतो. हा वेगळा होता... भरलेल्या पिंपावर वाजवल्यासारखा.

त्यांनी पुन्हा वाजवलं. टक टक.

आणि आतून...

टक टक.

काकांनी हात मागे घेतला. बबडी पुढे हेडलाइट बघत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. दाराच्या आत काचेची पट्टी सैल झाली असेल, असं काकांनी स्वतःला सांगितलं आणि घाम पुसला.

नंतर चालवून बघायची वेळ. इथेही काकांची रीत ठरलेली. पहिला फेरा ते एकटेच मारतात. मालक नाही, मुलगी नाही, रेडिओ नाही, काचा वर. गाडीचा प्रत्येक आवाज ऐकायचा असतो ना.

"मग मी बसणार कधी?" बबडी फुरंगटून म्हणाली.

"आधी मी मरत नाही ना ते बघू, मग तू बस," काका हसून म्हणाले.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. इंजिन लोण्यासारखं मऊ. ब्रेक चोख. काका मनातल्या मनात 'घेऊन टाकू' म्हणाले. पोरीच्या नशिबात होती म्हणायची.

आणि तेवढ्यात...

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर माणूस बसला आहे आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा दिवा.

काकांनी डावीकडे पाहिलं.

सीट रिकामी होती.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, ती बिघडली की असं होतं. 'हेच लपवत होती तर बाई,' असं काका मनात म्हणाले आणि उलट खूशच झाले. किरकोळ काम. त्यांनी गाडी कडेला घेतली.

असा आवाज आला की आमच्याकडे सगळे जे करतात, तेच करायला त्यांनी हात पुढे केला. रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढायचा आणि खाचेत अडकवून टाकायचा. आवाज बंद.

पण खाचेवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एकावर एक, सात-आठ वेढे. काकांनी नखाने ती उचकटली. आत लाकडाची ढलपी ठोकून बसवलेली होती, कुणालाही बेल्ट लावताच येऊ नये अशी. आणि लाल बटणावर बारीक बारीक ओरखडे होते.

काकांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. ढलपी काढायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बेल्ट ओढला.

खट्.

टिंगटिंग थांबली. काकांनी गियर टाकला आणि सहज बाजूला नजर गेली.

रिकाम्या सीटवर बेल्ट लावला की तो सीटला चिकटून पडतो. मी आयुष्यभर सीटच शिवत आलोय, मला विचारा. सपाट पडतो.

हा पडला नव्हता.

तो सीटपासून वीतभर पुढे होता... हवेत. खांद्यापाशी वळलेला. पोटापाशी वळलेला. मध्ये काहीच नाही.

काकांनी तळहाताने तो मागे दाबून पाहिला.

तो दबला नाही.

हात तिथेच राहिला आणि हाताखाली तो बेल्ट हळूच पुढे आला... हळूच मागे गेला... पुढे... मागे...

श्वास चालला होता.

गाडी सोडून पळावं, तर पाय उचलेनात. बबडी तिकडे एकटी आहे, हे डोक्यात आलं तेव्हा कुठे त्यांनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्यांनी डावीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण प्रत्येक वळणावर तो पट्टा करकरत होता. वळणावर माणूस कलतो तसा कुणाच्या तरी वजनाने तो ताणला जात होता.

घरापुढे गाडी थांबवून ते उतरले, तेव्हा मागे बेल्ट सर्रकन पुढे ओढला गेला.

कोण कुठे चाललंय ते कुणीतरी वाकून बघावं तसा.

काकांनी दार लावलं, गाडी लॉक केली, किल्ली खिशात घातली. बबडी पायरीवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. त्यांचा चेहरा बघून तिने फोनवर हात ठेवला. "काय झालं? ही पण नापास?"

"गाडीला हात लावू नकोस. आत चल."

"दोन मिनिटं, बाबा. बोलून येते. नाही लावत हात."

तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. दार उघडंच होतं. काका आत गेले आणि मालकीणबाईंसमोर उभे राहिले. "त्या सीटवर काय आहे?"

बाईंनी त्यांच्या खिशातून डोकावणारा स्क्रू-ड्रायव्हर पाहिला. मग खाली बसल्या.

"बेल्ट लावलात?"

काकांनी मान हलवली.

"माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "गाडी आमच्या दोघींची. चालवायचे मी, ती शेजारी बसायची. एक दिवस शिंप्याकडे कपडे आणायला गेलो होतो. तिला म्हटलं, बस, दोन मिनिटांत येते. आत ओळखीची एकजण भेटली. बोलण्यात वेळ गेला. तासाभराने आले... तर ही बेल्ट लावलेली, तशीच बसलेली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. बटणावर तिच्या नखांचे ओरखडे होते. तिला उतरायचं होतं, आणि बेल्ट सुटला नाही."

"मग विकायला का काढलीत?" काकांचा आवाज चढला.

"गुडघे गेले माझे. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी जाऊन बसायचे, आता गाडीतून उठता येत नाही. ती त्रास देत नाही हो. बेल्ट नाही लावला तर नुसती बसून असते. कुणीतरी फिरवून आणलं तर बरं, असं वाटलं मला. मागे एकाने असाच लावला होता. मी जाऊन शेजारी बसले, 'आले गं' म्हणत राहिले. दीड तासाने सुटला. तेवढा वेळ कुणालाही त्या सीटजवळ..."

बाई बोलता बोलता थांबल्या.

काकांनाही ते त्याच वेळी जाणवलं.

बाहेरचं बोलणं बंद झालं होतं.

पायरीवर कुणी नव्हतं. बबडीचा फोन पायरीवर उताणा पडला होता. फोन चालूच होता. आतून मैत्रीण विचारत होती... "हॅलो? अगं, आहेस का? हॅलो?"

काकांनी गाडीकडे पाहिलं.

गाडी लॉक होती. किल्ली त्यांच्या खिशात होती.

आणि बबडी आत बसली होती. डाव्या सीटवर. बेल्ट लावून.

डोळे मिटलेले. तोंड थोडं उघडं. दोन्ही हात बटणावर.

काका कसे धावले ते त्यांना आठवत नाही. किल्लीने लॉक उघडलं, पण डावं दार काही हलेना. उजवीकडून आत घुसून त्यांनी बटण दाबलं. बटण आत गेलं, खट् वाजलं, पण बेल्ट सुटला नाही. दहा वेळा दाबलं. दर खेपेला बेल्ट बोटभर आणखी घट्ट झाला. छातीवरून सरकत तो गळ्याशी आला होता.

"बबडे. ए बबडे. बघ ना माझ्याकडे."

पोरगी ढिम्म.

मालकीणबाई भिंत धरत धरत आल्या होत्या. "तुम्ही बाहेर या. मला बसू द्या."

त्या स्टिअरिंगसमोर बसल्या. कुशीत घेतलेल्या मुलाशी बोलावं तशा बोलू लागल्या. "आले गं धाकटे. आले मी. झालं काम. जाऊ या घरी."

बेल्ट सैल झाला... अर्धं बोट.

"बघा. सुटेल. धीर धरा," बाई म्हणाल्या.

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

बबडीचे ओठ काळेनिळे पडायला लागले होते. दीड तास? पाच मिनिटंसुद्धा नव्हती तिच्याकडे. काका स्वतःच्या व्हॅनकडे पळाले आणि हातोडा, कटर घेऊन आले.

ते बघून बाईंनी पहिल्यांदाच घाबरून हात वर केला. "कापू नका. तुमच्या पाया पडते. बेल्ट सुटला तर ती इथेच बसून राहते. कापलात तर ती कुठे जाईल ते मला नाही सांगता येणार."

काका मला म्हणाले, "सगळं ऐकू आलं होतं मला. कळलंही होतं. पण पोर डोळ्यांदेखत जात होती. तू काय केलं असतंस?"

मला पण दोन मुली आहेत.

त्यांनी काचेच्या कोपऱ्यावर हातोडा मारला. काच खळ्कन खाली आली. आत हात घालून त्यांनी पट्टा धरला. तो बर्फासारखा गार होता. कटर लावला आणि एका झटक्यात कापला.

बबडीने खोल श्वास घेतला. खोकली. डोळे उघडले.

आणि मघापासून न हलणारं ते डावं दार... आपोआप उघडलं. सावकाश. पूर्ण.

माणूस उतरला की गाडीची ती बाजू जरा वर उचलली जाते. तुम्ही लक्ष दिलं नसेल, पण काकांचं सगळं आयुष्य गाड्यांकडे बघण्यात गेलंय.

गाडी डावीकडून जराशी वर उचलली गेली.

बबडी अजून आतच बसलेली होती.

मालकीणबाईंनी मोकळ्या दाराकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडू लागल्या. काकांनी पोरीला उचललं, व्हॅनमध्ये घातलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर बबडी दोन पेले पाणी प्यायली. गळ्यावर लाल वळ होता. तिला एवढंच आठवत होतं... "गाडीच्या काचेवर कुणीतरी आतून टकटक केलं. मला वाटलं तूच आत आहेस. म्हणून वाकून बघितलं."

पुढचं काही नाही.

डॉक्टरने तपासलं. सगळं ठीक होतं. काकांचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस पोरगी घरी झोपून होती, तिसऱ्या दिवशी कामावर गेली. जाताना काकांना चिडवलंसुद्धा. "आठवी गाडी बघताना मला बरोबर नेऊ नकोस हं."

त्याच दिवशी दुपारी फोन आला. मालकीणबाईंचा होता. फुटलेल्या काचेबद्दल असेल म्हणून काका माफी मागायला लागले. पण बाईंचा आवाज निराळाच होता. हलका झालेला, कित्येक वर्षांनी पोटभर झोप मिळाल्यासारखा.

"काचेचं जाऊ द्या. तीन दिवस झाले, मी रोज बाहेर उभी राहूनच किल्ली फिरवून बघतेय. तो दिवा लागत नाही आता. सीट रिकामी आहे." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला अजून हवी असेल तर घेऊन जा. गाडीत कुणी नाही."

काकांनी फोन खाली ठेवला.

गाडीत नाही, तर मग कुठे?

हा विचार त्यांनी तिथेच दाबला. कामाला लागले. संध्याकाळपर्यंत एका दाराचा पत्रा ठोकत राहिले. मला आवाज येत होता, नेहमीपेक्षा जोरात ठोकत होते.

साडेसहाला बबडी गाळ्यावर आली. ती स्कूटरने कामावर जाते. माझ्या समोरच तिने स्टँड लावला. हसतमुख होती, मला "काय काका" म्हणाली. मग बापाकडे वळली.

"बाबा, मागच्या चाकात जरा हवा बघ ना. सकाळपासून गाडी मागून जड लागतेय. डबलसीट असल्यासारखी."

काकांच्या हातातला हातोडा तसाच राहिला.

ते उठले. हातोडा ठेवला, हवेचं मीटर घेतलं, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. बराच वेळ बसले. त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे मला चेहरा दिसला नाही.

"कमी होती का?" बबडीने विचारलं.

"हो," काका म्हणाले. "भरली."

ती गेल्यावर ते माझ्या स्टुलावर येऊन बसले, आणि तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. हवा पूर्ण होती.

याला आता पाच महिने होतील. बबडी बरी आहे. खातेपिते, कामावर जाते, बापाला चिडवते. स्पोर्ट्स कारचं नाव तिने परत काढलं नाही. पण दर दोन-तीन दिवसांनी ती गाळ्यापुढे स्कूटर लावते आणि मागचं चाक बघ म्हणते. काका मीटर घेऊन उठतात, चाकापाशी बसतात आणि कमी होती, भरली, असं तिला सांगतात.